वर्षाचा बाण

संत सेबॅस्टियन बाणांनी हुतात्मा झाला, आणि तेव्हापासून रोगराई, लढाई आणि आभाळातून कोसळणारं प्रत्येक संकट त्याच्या नावाला वचकून असतं. वसईकडच्या भाटेवाडीत हे वाक्य शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यात अडचण एवढीच की सेबॅस्टियन बाणांनी मेला नव्हता.

म्हणजे बाण मारले होते. तो रोमच्या बादशहाच्या पहाऱ्यावरचा अंमलदार, आतून ख्रिस्ती. तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना गुपचूप धीर द्यायचा. बादशहाला कळलं तेव्हा त्याने त्याला झाडाला बांधून त्याच्याच जातभाई शिपायांकडून बाण मारवले, आणि मेला असं समजून सगळे जेवायला गेले. प्रेत पुरायला आयरिन नावाची एक विधवा आली, तर प्रेत श्वास घेत होतं. तिने बाण उपटले, तेल लावलं, घरी नेऊन बरा केला. आता शहाण्या माणसाने काय करावं? गाव सोडावा. हा उठला आणि थेट बादशहाच्या राजवाड्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. बादशहा येताच भर चौकात त्याला चार शब्द सुनावले. मग बादशहाने दंडुके मागवले, आणि या खेपेस जेवायला जायच्या आधी खात्री करून घेतली.

भाटेवाडीच्या देवळात दंडुक्याला जागा नाही. तिथला सागवानी सेबॅस्टियन झाडाला टेकून, डोळे वर करून उभा आहे आणि त्याच्या अंगात सहा भोकं आहेत, पितळी बाणांसाठी. वीस जानेवारीला त्याचा सण. आदल्या संध्याकाळी साऱ्या गावासमोर सहाही बाण काढायचे, सणाच्या सकाळी गावातल्या विधवांनी भोकांना खोबरेल लावायचं, आणि दुपारी पाचच बाण परत बसवायचे. सहावा त्या वर्षी ज्या घरावर वाईट वेळ आली असेल त्या घरी जातो. तो ‘वर्षाचा बाण’. ज्या छपराखाली तो आहे त्यावर वरून काही पडत नाही. वीज नाही, झाड नाही, नारळसुद्धा नाही. उरलेलं वर्ष सेबॅस्टियन पाचांवर भागवतो.

नियम दोनच. बाणाने गावाची वेस ओलांडायची नाही आणि पुढच्या सणाआधी तो परत भोकात दिसला पाहिजे. आजोबा-पणजोबांच्या काळी लोपीसांकडून एकदा बाण हरवला. गावाने नवा करून घेतला, रागावलं कुणीच नाही. फक्त त्या घराला तेव्हापासून ‘भोकवाले’ म्हणतात. आज त्यांच्याकडे दोन पदवीधर आणि एक दुमजली घर आहे, पण मुलीला स्थळ सांगून आलं की पहिला प्रश्न हाच: “लोपीस म्हणजे कोणते? भोकवाले?”

हे सगळं पास्कू रुमावला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणूनच रियाधजवळच्या अल सुलैमधल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये, आपल्या पटाश्या-रंध्यांच्या पेटीत वर्षाचा बाण बघताना त्याला पहिली गावाची वेस आठवायची.

पास्कू सुतार. वसईत ज्या कारखान्यात कपाटं करायचा तो बंद पडला आणि त्याच वर्षी बाप गेला, म्हणून नव्वदच्या सणाला बाण रुमावांच्या घरी आला. दोन आठवड्यांनी पास्कूचा सौदीचा व्हिसा आला. आई इजाबाय हिने विचार केला, आणि तो तिच्या बाजूने सरळ होता. बाण घरासाठी. घर पोरावर चालणार. मग पोर जिथे निजेल तेच घर. एजंटाने नाताळात रजा मिळेल असं शपथेवर सांगितलं होतं, म्हणजे सणाला बाण परत. तिने तो फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला आणि पोराला विमानतळावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याने काढून ठेवला असता, हे ती जाणून होती.

रियाधला कस्टमवाल्याने बाण बाहेर काढून उजेडात धरला. या देशात क्रूस, मूर्ती, जपमाळ काही आणायला बंदी.  एजंटाने शिकवलेला एकच अरबी शब्द पास्कूला येत होता.

“शुगल,” तो म्हणाला. काम. आणि त्याने बाणाच्या टोकाने लाकडी पेटीवर एक सरळ रेघ मारून दाखवली.

कस्टमवाल्याने रेघ पाहिली, रेघ चांगली होती, त्याने बाण परत दिला.

तेव्हापासून बाणाला कामाला लावणं भाग होतं. हत्यार म्हणून आणलेलं हत्यार कुणी वापरताना दिसलं नाही तर मुकादम विचारणारच. पास्कू त्याने दारांच्या चौकटींवर खुणा करायचा आणि प्रत्येक रेघेआधी मनात म्हणायचा, “माफ कर, बाबा.” दिवसाला माफी बरीच व्हायची. खुणा मात्र बारीक आणि नेटक्या यायच्या, हेही त्याला कबूल करावं लागायचं.

ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. नाताळची रजा रद्द झाली. पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आला त्या अरब मालकाच्या कपाटात, आणि खुरूज, म्हणजे देशाबाहेर जायचा शिक्का, कफील सांगेल तेव्हाच. जानेवारी उजाडला तेव्हा सगळं रियाध खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होतं. इराकला कुवेत सोडायला पंधरा तारखेपर्यंत मुदत होती. पास्कूलाही जवळपास तेवढीच. घरी बहीण हिल्डाचं लग्न उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी ठरलं होतं. सणाला सहावं भोक रिकामं राहिलं तर हिल्डा ‘भोकवाल्या रुमावांची’ म्हणून सासरी जाणार, किंवा जाणारच नाही. फोन करून आईला विचारावं, तर गावात फोन एकट्या वाण्याच्या दुकानात. तिथे फोनवर बाणाचा ब काढणं म्हणजे रविवारी देवळात जाहीर करणं.

“मला जायचंय. सणाआधी,” त्याने एका दुपारी मेसमध्ये डाळ-भातावर जाहीर केलं.

समोर त्याच्या खोलीतले दोघे होते. हुसेनमियाँ श्रीवर्धनचे, गोदामाचे स्टोअरकीपर, कॅम्पातले सगळ्यांत जुने. आणि गुणाजी, मालवणकडचा वेल्डर, ज्याला गप्प बसणं पगार कापल्यासारखं वाटायचं.

“लढाई सोडून सणाला?” हुसेनमियाँ म्हणाले. “पास्कूभाय, आम्ही इथे ईद करतो ती काय मजा म्हणून? एक वर्ष सण चुकला तर तुझा संत रागावेल काय?”

“संत नाही, गाव रागावेल. ते पण रागावणार नाही. नाव ठेवेल.”

आणि मग त्या दोघांना पटावं म्हणून पास्कूने चूक केली. त्याने सगळं सांगितलं. भोकं, खोबरेल, लोपीस. आणि वरून काही पडत नाही हेसुद्धा.

गुणाजीचा घास हातातच राहिला.

“वरसून कायच पडणा नाय?”

“नाही.”

“रॉकेट पण?”

“आमच्याकडे आजवर नारळच पडलेत,” पास्कू म्हणाला. “म्हणजे नाही पडलेत.”

“आणि असली वस्तू घेऊन तू हयसून चाललंस?” गुणाजी उभाच राहिला. “मेल्या, तू जा! बाण हंय ठेव!”

संध्याकाळपर्यंत कॅम्पात बातमी पसरली. कंपनीने साहेबलोकांना गॅसचे मुखवटे वाटले होते आणि कामगारांना ओला टॉवेल तोंडावर धरायची सूचना. त्यामुळे लोकांना मुळात दुसऱ्या काहीतरी सोयीची गरज होतीच. पास्कूच्या चार खाटांच्या खोलीत माणसं अंथरुणं घेऊन येऊ लागली. पाकिस्तानी ड्रायव्हर आले, केरळचे दोन इलेक्ट्रिशियन आले. एकाने दारातच विचारलं, “भाई, ये चीज बरामदे तक काम करता है क्या?” कुणीही कुणाचा धर्म विचारला नाही. जागा मात्र सगळ्यांनी भिंतीकडेची मागितली.

हुसेनमियाँ आपली खाट सोडायला तयार नव्हते. “मी यावर विश्वास ठेवतो असं नाही,” ते म्हणाले. “पण खाट माझी आहे.”

पास्कू कफिलाकडे गेला. अबू फहाद सकाळी दहाला ऑफिसात येई. त्याच्याकडे चार ट्रक, दोन गोदामं आणि नव्या बंगल्याला न मोजता येण्याइतक्या खिडक्या होत्या.

“खुरूज,” पास्कू म्हणाला.

“माफी खुरूज,” अबू फहाद म्हणाला. खुरूज नाही. “बुकरा.” उद्या. अरबस्तानात उद्या म्हणजे दिवस नसतो, धोरण असतं.

दुसऱ्या दिवशी पास्कू कामावर गेला नाही. पेटी घेऊन ऑफिसच्या पायऱ्यांवर उभा राहिला. बसला नाही. बसलेल्या माणसाला लोक पाणी देतात, उभ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं, असा त्याचा हिशेब. कफील आला, त्याला वळसा घालून आत गेला. दुपारी बाहेर पडला, पास्कू तिथेच. तिसऱ्या दिवशी मुकादमाने पोलिसांचं नाव काढलं.

हुसेनमियाँ चहा घेऊन आले. “तुझा तो संत पण पायऱ्यांवरच उभा राहिला होता ना?”

“होय.”

“त्याचं पुढे काय झालं ते तूच सांगितलंस. दंडुके.”

“हुसेनमियाँ, तो बोलला म्हणून. मी काय बोलतोय का?”

“मग जरा बोल की. चहा गार होतोय.”

पण पास्कू हलला नाही. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. इकामा रद्द झाला, म्हणजे राहायचा परवानाच गेला, तर पुढची दोन वर्षं घरात काय शिजेल हे त्याला चांगलं दिसत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ते सहावं भोक होतं, आणि पेन्सिल खोचलेल्या कानाशी हिल्डाच्या सासूचा आवाज: ‘रुमाव म्हणजे कोणते?’ एवढ्यावर माणूस बराच वेळ उभा राहू शकतो.

चौथ्या दिवशी अबू फहाद पायरीवर थांबला. बादशहा आणि कफील यांच्यात एक फरक असतो. बादशहाकडे सुतार पुष्कळ असतात. अबू फहादकडे आता एकच उरला होता. बाकीचे दोघे लढाईच्या भीतीने कुठल्याशा ट्रकात बसून मक्केच्या बाजूला निघून गेले होते, आणि बंगल्याच्या खिडक्यांवर ना पट्ट्या होत्या ना प्लास्टिक. घरातली माणसं त्याच्यावर रोज ओरडत होती. त्याने बोटाने हवेत खिडकी काढली, मग पासपोर्ट काढला.

“खिडक्या खलास, खुरूज खलास.”

पास्कूने मान डोलावली. “यल्ला.” चला.

दोन दिवस त्याने बंगल्याच्या खिडक्यांवर जाड प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक पट्टीवर खूण बाणानेच केली. कफिलाचा मुलगा फहाद शिडीशी उभा होता. त्याने बाण उचलून बघितला.

“हे काय?”

“शुगल,” पास्कू म्हणाला, आणि मनात माफी मागितली. या वेळी संताची आणि पोराची, दोघांची.

शिक्का मिळाला. आता गुणाजी उरला.

गुणाजीने पेटीतून बाण काढून आपल्या उशीखाली घातला होता. खोली खच्चून भरलेली, आणि सगळे गुणाजीच्या बाजूने.

“दे गुणाजी.”

“देतंय. पण आमचा काय? तू विमानात. विमान तर आभाळातच असता, तेच्यावर काय पडतला? खरी गरज आमका.”

हे बोलणं बिनतोड होतं. मार्ग हुसेनमियाँनी काढला. “गुणाजी, तू वेल्डर आहेस की न्हावी? तुझ्याकडे पितळी कांड्या आहेत ना वेल्डिंगच्या? कर दुसरा.”

“दुसऱ्यात ताकद खंयसून येतली?”

“दोन्ही शेजारी शेजारी ठेव. कांजण्या कशा लागतात?”

गुणाजीने गोदामात जाऊन कांडी तापवली, ठोकली, टोक काढलं, शेपटाला पत्र्याची पिसं डकवली. काम इतकं मन लावून केलं की मूळ बाणाचा घासून गेलेला भागसुद्धा त्याने जसाच्या तसा उतरवला. दोन्ही बाण एका उशीवर ठेवण्यात आले. केरळचा इलेक्ट्रिशियन वाकून म्हणाला, “सर, अब ओरिजिनल कौन सा है?” तेव्हा पास्कूने घाईघाईने आपला उचलला. टोकाला चौकटींच्या रंगाचा डाग होता.

“चुकीचो न्हेलंस तर?” गुणाजीने विचारलं.

“तर तुझं चांगलंच आहे,” पास्कू म्हणाला.

रियाधहून जागा मिळेना म्हणून तो बसने जेद्दाला गेला. वाळवंटात रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने लष्कराच्या गाड्यांची रांग चालली होती, संपतच नव्हती. तो जेद्दाला पोहोचला आणि पहाटे लढाई सुरू झाली. विमानं बंद. पास्कू विमानतळाच्या फरशीवर पेटी उशाला घेऊन पडला. एकोणीस तारखेची संध्याकाळ झाली तेव्हा गावात घंटा वाजत असणार हे त्याला कळलं. त्याने बाण काढला नाही, आजूबाजूला पहारे होते. पेटीच्या झाकणावर नुसता हात ठेवला. आता उशीर झालाच होता. पण उशिरा परत आणलेला बाण आणि हरवलेला बाण यांत गाव काहीतरी फरक करेल. हिल्डाच्या सासरी तो स्वतः जाऊन सांगेल: हा घ्या बाण, दोष माझा, आईचा नाही, हिल्डाचा तर नाहीच. काय बोलायचं ते त्याने फरशीवर बसून इतक्या वेळा घोकलं की शेजारचा हैदराबादी माणूस म्हणाला, “मियाँ, किसका निकाह तोड़ने जा रहे हो?”

महिना संपता संपता विमान मिळालं. वसईला उतरून पास्कू घरी गेलाच नाही. पेटी खांद्यावर, तडक देवळात. दुपारची वेळ, आत कुणी नाही. सेबॅस्टियन डोळे वर करून उभा. बाण पाच, सहावं भोक रिकामं.

पास्कूने गुडघे टेकले. मग त्याच्या लक्षात आलं की आज रिकामं असायचंच. सण होऊन गेला होता. सहावा बाण आता कुणाच्या तरी घरी असणार. पण तो तर पेटीत होता.

घरी इजाबाय ओसरीवर लग्नाचे तांदूळ निवडत होती. पोराला बघून आधी रडली, मग म्हणाली, “वाळलास. दंगा नको करूस, आत ये.”

“आय, बाण.”

“हळू बोल.”

“सणाला काय केलंस? सहावा कुठून आणलास?”

इजाबायने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. “तुझ्या सायकलला मागच्या चाकात एक तार कमी आहे. भिकू सायकलवाल्याने काढून, पितळी रंग मारून दिली. शेपटीला पावडरच्या पितळी डब्याचं झाकण कापलं. सणाच्या आदल्या दुपारी जाऊन बसवला, संध्याकाळी गावासमोर काढला. फादरांनी स्वतःच्या हाताने काढला. म्हणाले, यंदा किती सहज निघाला.”

“कुणाला कळलं नाही?”

“भिकूला माहीत आहे. त्याला आपण लग्नाचं बोलावणं केलंय.”

“आता कुठे आहे तो?”

“लोपीसांकडे,” इजाबाय म्हणाली.

“भोकवाल्यांकडे?”

“तसं म्हणू नये आता. म्हातारा आजारी, म्हणून गावानेच दिला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. त्यांच्या पोरी रडल्या. आणि परवा म्हातारा अंगणात बसला होता, तर नारळ अगदी खुर्चीला घासून पडला. डोक्यावर नाही. बघून आली मी खुर्ची.”

पास्कूने पेटी पुन्हा उचलली.  “मी जाऊन बदलतो,” तो म्हणाला. “खरा देतो, तो घेऊन येतो. फादरांना सांगतो.”

“काय सांगशील? लोपीसांच्या घरी सायकलची तार आहे? लग्नाच्या आठवड्यात?” इजाबायने सूप खाली ठेवलं. “ज्यांना शंभर वर्षं भोकवाले म्हटलं त्यांच्या हातातला बाण काढून घेशील? जा. घे. मी अडवत नाही.”

पास्कू पेटी घेऊन लोपीसांच्या घरापर्यंत गेला. म्हातारा ओसरीवर त्याच खुर्चीत होता, आणि त्याच्या डोक्यावर, दाराच्या चौकटीला, सायकलची तार लाल दोऱ्याने बांधलेली होती. खाली पणती. म्हाताऱ्याने त्याला हाक मारली. “ये रे, रुमावा! तिकडे बॉम्ब पडले म्हणतात? तुला काही झालं नाही ना?”

“नाही,” पास्कू म्हणाला. “वरून काही पडलं नाही.”

त्याने चहा घेतला आणि परत आला. सुताराच्या नजरेने एवढंच पाहिलं की तार सरळ बसलेली नाही.

लग्न व्यवस्थित झालं. हिल्डाच्या सासूने रुमाव म्हणजे कोणते हे विचारलं नाही. पुढे गुणाजीचं पत्र आलं. रॉकेटचा एक तुकडा शेजारच्या गोदामाच्या आवारात पडला, आपलं छप्पर शाबूत, बाण कडक आहे, आता बरामद्यातसुद्धा लोक झोपतात. हुसेनमियाँनी खाली एक ओळ घातली होती: मी विश्वास ठेवतो असं नाही.

पास्कूचा बेत असा होता की पुढच्या सणाला, बाण परत बसवतानाच्या गर्दीत, अदलाबदल करायची. तोवर म्हणून त्याने खरा बाण देवळाच्या मागच्या खोलीतल्या खणात, मेणबत्त्यांच्या मागे ठेवला. पण पुढच्या सणाला तो पुन्हा अल सुलैमध्ये चौकटी ठोकत होता, आणि लोपीसांनी तार वेळेवर, धुऊन पुसून, परत केली.

देवळाची झाडलोट जुजे बघतो. त्याला खणात ते सापडलं. टोक बारीक, पकड चांगली. तेव्हापासून तो त्या हत्याराने मेणबत्त्यांच्या स्टँडवर साचलेलं मेण खरवडतो.